ताटातल्या प्राण्याचं नाव तरी सांगा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीतला परदेशप्रवासावरचा लेख वाचला. लेखकाने एका रात्रबाजारात सळीवर भाजलेलं कसलंसं मांस खाल्लं. ते कशाचं, हे त्यांनी विचारलं नाही आणि विकणाऱ्याने सांगितलं नाही. माहीत नसण्यातच खरी मजा आहे, असा एकूण सूर होता. शेवटी वाचकांनाही तोच सल्ला दिला होता : समोर येईल ते बिनधास्त तोंडात टाका, चौकशा करत बसू नका. लेख ओघवता होता, फोटोही छान होते. पण तो सल्ला वाचून मी अस्वस्थ झाले, म्हणून हे पत्र. ते लांबलं आहे याची मला कल्पना आहे. पूर्ण छापता आलं तर छापावं. नाही तर निदान पुरवणीचं काम बघणाऱ्या आपल्या सहकाऱ्यांना वाचायला द्यावं.

मी पशुवैद्यक आहे. नोकरीचा बहुतेक काळ मांसतपासणीत गेला. कत्तलीआधी जनावर उभं बघायचं, नंतर त्याचं यकृत, फुप्फुसं, लसिकाग्रंथी कापून बघायच्या, आणि मग शिक्का मारायचा किंवा माल बाद करायचा, हे माझं काम. निवृत्तीनंतर प्रवास सुरू झाला. मी मांसाहारी आहे, त्यामुळे जिथे गेले तिथलं मांस खाल्लंही. घोड्याचं खाल्लं, रेनडिअरचं खाल्लं, कांगारूचं, अल्पाकाचं खाल्लं. परकं आहे म्हणून नाक मुरडणाऱ्यांतली मी नाही, हे आधीच सांगून टाकते. माझं म्हणणं एवढंच की खाणाऱ्याला प्राणी कोणता ते माहीत हवं, तो कसा शिजवलाय ते माहीत हवं, आणि हे दोन प्रश्न विचारताना त्याला अवघडल्यासारखं होता कामा नये.

ज्या मांसाला प्रवासी 'गूढ' म्हणतात, ते तिथल्या माणसांसाठी कधीच गूढ नसतं. हे मी कझाकस्तानात, अल्माटीच्या ग्रीन बझारमध्ये अगदी जवळून पाहिलं. मांसाचं दालन प्रचंड, पण त्याची मांडणी प्राण्यांनुसार. घोडा एकीकडे, गाय दुसरीकडे, मेंढी तिसरीकडे, आणि डुक्कर सगळ्यांपासून लांब. घोड्याच्या भागात कझी टांगलेले होते. बरगडीवरचं मांस चरबीसकट, मीठ-मिरी-लसूण लावून घोड्याच्याच आतड्यात भरतात, तो हा प्रकार. विकणाऱ्या बाईंना माझी भाषा येत नव्हती, मला त्यांची. मी एका कझीकडे बोट दाखवल्यावर त्यांनी सुरीने चकती कापून हातावर ठेवली आणि स्वतःच्या बरगड्यांवरून हात फिरवून ती कुठली ते दाखवलं. मग शेजारच्या दुसऱ्या प्रकाराकडे बोट दाखवून मांडीवर थाप मारली. माझ्यापुढची गिऱ्हाईक बाई चरबीचा थर आडव्या बोटांनी मोजून घेत होती. दोन बोटं चरबी असलेला कझी तिला हवा होता, दीड बोटाचा तिने परत केला. त्या दालनात कुणी कुणाला फसवू शकलं नसतं, कारण घेणारी प्रत्येक बाई घोड्याचं मांस ओळखत होती. चकती तोंडात टाकल्यावर मलाही ते लगेच जाणवलं. घोड्याच्या मांसात ग्लायकोजेन जास्त असतं, त्यामुळे किंचित गोडसर चव येते. चरबी पिवळसर, मऊ, बोटांच्या उबेनेही तेलकट होते. आम्ही पुस्तकात वाचून परीक्षेत लिहिलेली ही लक्षणं तिथे रोजच्या बाजारहाटाचा भाग होती.

आता याच्या अगदी उलट अनुभव सांगते. काही वर्षांपूर्वी एका सहल कंपनीबरोबर आइसलँडला गेले होते. रेक्याविकमध्ये एका रात्री कंपनीतर्फे खास जेवण होतं. प्रत्येकापुढे पाटीच्या दगडाची थाळी आली. तिच्यावर लहान लहान तुकडे : एक गडद लाल, जवळपास काळं, वरून नुसतं शेकलेलं, एक धुरी दिलेलं, आणि काडीला टोचलेले पांढुरके चौकोनी तुकडे, उग्र वासाचे. वाटाड्या म्हणाला, आधी खा, मग ओळखा, मग मी सांगतो. आमच्यातल्या एका गृहस्थांना गोमांस वर्ज्य होतं. त्यांनी विचारलं, हे बीफ आहे का? वाटाड्या हसून म्हणाला, अजिबात नाही. ते खरंच होतं. म्हणून त्यांनी खाल्लं, शेजारच्या तरुण मुलीनेही खाल्लं. मग त्याने जाहीर केलं की काळसर तुकडा मिंकी व्हेलचा (लहान जातीच्या देवमाशाचा) आहे.

ती मुलगी त्याच दिवशी सकाळी आमच्याबरोबर जुन्या बंदरातून बोटीने देवमासे बघायला गेली होती. फाक्साफ्लोई उपसागरात जे देवमासे दिसतात त्यांत मिंकी व्हेल असतोच. सकाळी ज्याची पाठ पाण्याबाहेर आली तेव्हा ती आनंदाने ओरडली होती, त्याच जातीचा तुकडा रात्री तिला न सांगता भरवला. ती ताटावरून उठून गेली, दुसऱ्या दिवशीही नीट जेवली नाही. वाटाड्याला यात काही वावगं वाटलं नाही. सहलीत अशी गंमत चालते, असं त्याचं उत्तर होतं.

मी उठून स्वयंपाकघराच्या दाराशी गेले आणि आचाऱ्याला विचारलं. त्याने एका दमात सगळं सांगितलं. काळसर ते मिंकी व्हेल, धुरी दिलेला पफिन पक्षी, आणि पांढरे तुकडे म्हणजे हाकार्ल, ग्रीनलँड शार्कचं मुरवलेलं मांस. ताजं असताना हे मांस विषारी असतं. त्यामुळे ते दोन-तीन महिने वाळूत पुरून, वर दगडांचं वजन ठेवून त्यातलं पाणी काढतात आणि मग चार-पाच महिने टांगून सुकवतात. हे सांगताना त्या आचाऱ्याच्या चेहऱ्यावर अभिमान होता. तुम्हाला सांगितलं नाही का, असं त्यानेच मला उलट विचारलं. मग उपाहारगृहाचं छापील मेनूकार्ड आणून दाखवलं. त्यावर प्रत्येक प्राण्याचं नाव स्वच्छ छापलेलं होतं. म्हणजे आचाऱ्याने काही लपवलं नव्हतं, आइसलँडनेही लपवलं नव्हतं. मेनूकार्ड बाजूला सारून गूढ तयार केलं ते आमच्या सहल कंपनीने, आमचे पैसे घेऊन.

देवमाशाच्या मांसाबद्दल एक गोष्ट इथेच नोंदवते. दिसायला ते गोमांसासारखं दिसतं, चवीलाही बऱ्याच जणांना तसंच वाटतं. पण समुद्रातल्या मोठ्या शिकारी प्राण्यांच्या अंगात पारा साठत जातो. फेरो बेटांवर पायलट व्हेल शतकानुशतकं खातात. तिथल्याच वरिष्ठ वैद्यकीय अधिकाऱ्यांनी २००८ मध्ये सांगितलं की पारा आणि इतर प्रदूषकांमुळे हे मांस आता माणसाने खाण्यायोग्य मानू नये. आमच्या टेबलावर गर्भवती बाई असती तर? तिला न सांगता ती थाळी पुढे करणाऱ्याने याचा विचार केला असता, असं मला वाटत नाही.

आता माझ्या मूळ विषयाकडे येते, कारण 'विचारू नका' या सल्ल्यातला सगळ्यात धोकादायक भाग हा आहे. कोणतं मांस किती शिजवायचं, कच्चं खाल्लं तर चालेल का, गोठवल्याने धोका जातो का, हे सगळं प्राणी कोणता त्यावर ठरतं. नाव माहीत नसेल तर सावधगिरी घेणार कशी?

ट्रायकिनेला नावाचा एक गोलकृमी आहे. त्याच्या अळ्या डुकराच्या, रानडुकराच्या, अस्वलाच्या, वॉलरसच्या, क्वचित घोड्याच्याही स्नायूंत असतात. शिकताना आम्ही ती तपासणी हाताने करायचो. श्वासपटलाच्या स्नायूचे तांदळाच्या दाण्याएवढे तुकडे कापायचे, दोन जाड काचांमध्ये स्क्रू आवळून चपटे करायचे, आणि कमी शक्तीच्या भिंगाखाली एकेक सरकवत बघायचं. तंतू समांतर, फिकट, आणि मध्येच लिंबाच्या आकाराची कोशिका, तिच्यात वेटोळं करून बसलेली अळी. नुसत्या डोळ्यांना मांस निर्मळ दिसतं. वास येत नाही, चव बिघडत नाही. जिभेच्या भरवशावर खाणाऱ्या माणसाला हे कळायचा काही मार्गच नाही.

२०२२ च्या उन्हाळ्यात अमेरिकेत साउथ डाकोटा राज्यात एक कुटुंब एकत्र जमलं होतं. कॅनडातल्या सस्कॅचवानमध्ये शिकार केलेल्या काळ्या अस्वलाचं मांस त्यांनी कबाब करून खाल्लं. ते ४५ दिवस फ्रीझरमध्ये होतं, म्हणून सगळे निर्धास्त होते. अस्वलाचं मांस मुळातच गडद रंगाचं, त्यामुळे आतून कच्चं आहे की शिजलंय हे पटकन कळलं नाही. काहींनी थोडं खाल्ल्यावर ते कच्चं असल्याचं लक्षात आलं, मग पुन्हा शेकलं. सहा जण आजारी पडले. त्यांतल्या दोघांनी मांसाला हातही लावला नव्हता. त्याच कबाबाबरोबर शिजलेल्या भाज्या तेवढ्या खाल्ल्या होत्या. थंड प्रदेशातल्या ट्रायकिनेलाच्या काही जाती गोठवूनही मरत नाहीत. मांस आतपर्यंत ७४ अंश सेल्सिअसला पोचलं पाहिजे, हाच उपाय. या कुटुंबाला प्राणी ठाऊक होता, त्यामुळे डॉक्टरांना निदान करणं पुढे शक्य झालं. ज्याने रात्रबाजारात 'काहीतरी' खाल्लं आणि दोन आठवड्यांनी घरी आल्यावर ताप, सुजलेले डोळे, दुखणारे स्नायू घेऊन दवाखान्यात गेला, तो डॉक्टरला काय सांगणार?

मंगोलियातली २०१९ मधली घटना याहून भयंकर आहे. बायान-ओल्गी प्रांतात एका जोडप्याने मार्मोटचं (खारीच्या कुळातल्या, बिळात राहणाऱ्या मोठ्या प्राण्याचं) कच्चं मूत्रपिंड खाल्लं, प्रकृतीला चांगलं असतं या समजुतीने. दोघंही प्लेगने गेले. मार्मोट प्लेगचे जिवाणू बाळगतो हे तिथे सर्वांना माहीत आहे, त्याच्या शिकारीवर बंदीही आहे. त्यानंतर त्या भागात शंभराहून अधिक माणसं सहा दिवस विलगीकरणात होती, त्यांत परदेशी पर्यटकही होते. जाणत्या माणसांचीही कच्च्या मांसाने ही गत होते. मग अनोळखी माणसाने नाव न विचारता खाणं याला मी धाडस म्हणू शकत नाही.

व्हिएतनाममध्ये तिएत कान्ह नावाचा पदार्थ आहे. डुकराचं किंवा बदकाचं ताजं रक्त, त्यात बारीक चिरलेलं मांस, वर शेंगदाणे आणि पाला, आणि ते सगळं थिजवलेलं. दिसायला सुंदर लाल. डुकराच्या कच्च्या रक्तातून स्ट्रेप्टोकॉकस सुइस हा जिवाणू माणसात येतो, मेंदूज्वर होतो, आणि वाचलेल्या रुग्णांपैकी कितीतरी जणांचं ऐकू येणं कायमचं जातं. ईशान्य थायलंडमध्ये गोड्या पाण्यातली कच्ची मासळी चिरून, लिंबू पिळून खातात. तिच्यातला यकृतकृमी वर्षानुवर्षं पित्तनलिकेत राहतो आणि तिथल्या पित्तनलिकेच्या कर्करोगाचं ते मोठं कारण आहे. लिंबाने मांस पांढरं पडतं, ते शिजत नाही. हे वाक्य आपल्या पुरवणीत ठळक टाइपात छापावं अशी माझी इच्छा आहे, कारण 'लिंबात शिजवलेलं' असा मजकूर मी प्रवासलेखांत अनेकदा वाचला आहे.

कच्चं मांस खाणारे देश बेफिकीर असतात असं मात्र कुणी समजू नये. जपानमध्ये २०११ मध्ये कच्च्या गोमांसाचा युक्के खाऊन ई-कोलाय या जिवाणूने पाच जण दगावले. पुढच्याच वर्षी उपाहारगृहांत गाईचं कच्चं काळीज, म्हणजे यकृत, देण्यावर बंदी आली, २०१५ मध्ये डुकराचं कच्चं मांस आणि काळीजही बंद झालं. घोड्याचं कच्चं मांस, बसाशी, कुमामोतोकडे आजही मिळतं. पण त्यातल्या सार्कोसिस्टिस या परजीवीमुळे लोक आजारी पडतात हे लक्षात आल्यावर ते आधी ठरावीक काळ गोठवायच्या सूचना आल्या. म्हणजे गाईच्या काळजाला एक नियम, डुकराला दुसरा, घोड्याला तिसरा. प्राण्याचं नाव पुसून टाकलं की या सगळ्या शहाणपणाचा उपयोग उरत नाही.

फसवणुकीबद्दलही लिहायला हवं. जानेवारी २०१३ मध्ये आयर्लंडच्या अन्नसुरक्षा यंत्रणेने बीफ बर्गरची डीएनए तपासणी जाहीर केली. २७ नमुन्यांपैकी १० मध्ये घोडा निघाला आणि २३ मध्ये डुक्कर. एका बर्गरमध्ये तर घोड्याचं प्रमाण २९ टक्के होतं. मग अख्ख्या युरोपात तपासण्या झाल्या आणि तयार लसान्यापर्यंत (खिमा घातलेल्या पास्त्याच्या पदार्थापर्यंत) घोडा सापडत गेला. घोडा खाल्ल्याने कुणी मरत नाही; पण शर्यतीच्या आणि कामाच्या घोड्यांना फिनाइलब्युटाझोन हे वेदनाशामक देतात, ते माणसाच्या अन्नसाखळीत यायला नको म्हणून त्यांची वेगळी नोंद ठेवावी लागते, आणि ही नोंदच फसवणुकीत गायब झाली होती. डुक्कर ज्यांच्या धर्माला निषिद्ध आहे त्यांचं काय झालं असेल ते वेगळं सांगायला नको. त्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेत स्टेलेनबॉश विद्यापीठाच्या संशोधकांनी मांसाचे १३९ प्रक्रिया केलेले नमुने तपासले. ६८ टक्क्यांत वेष्टनावर न सांगितलेलं काही ना काही होतं, कुठे सोया, कुठे दुसराच प्राणी. गाढव, पाणम्हैस, बकरा. चीनमध्येही २०१३ मध्ये कोल्हा, मिंक (मुंगसासारखा, फरसाठी पाळला जाणारा प्राणी) आणि उंदीर यांचं मांस जिलेटिन आणि रंग मिसळून मेंढीचं म्हणून विकणारी टोळी पोलिसांनी पकडली.

या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे : माल बारीक किंवा प्रक्रिया केलेला होता. अखंड तुकड्यात, विशेषतः हाडासकट तुकड्यात, फसवणं अवघड जातं. सशाच्या नावाने मांजर विकल्याच्या गोष्टी युरोपात फार जुन्या आहेत, आणि तिथल्या काही बाजारांत ससा डोक्यासकट ठेवण्याची पद्धत त्यामुळेच पडली असं सांगतात. आम्हाला हा फरक हाडांवरून शिकवला जाई. सशाच्या पुढच्या पायाची दोन हाडं एकमेकांना घट्ट चिकटलेली असतात, मांजरात त्यांच्यामध्ये फट दिसते. सशाच्या खांद्याच्या फऱ्याला टोकाशी मागे वळलेला लांब आकडा असतो, मांजराला तसा नसतो. बरगड्या मोजल्या तर सशाच्या सहसा बारा जोड्या, मांजराच्या तेरा. हे प्रवाशाने पाठ करावं असं मी म्हणत नाही. पण खिमा, सॉसेज, मीटबॉल, दाट रश्श्यातले चिंधीसारखे तुकडे, यांत हाड नाही, तंतू नाही, आणि मसाल्यामुळे वासही नाही. प्रयोगशाळेत पीसीआर, म्हणजे डीएनएची चाचणी, करूनच उत्तर मिळतं. त्यामुळे अनोळखी ठिकाणी मी खिमा टाळते, हाडाचा तुकडा मागते. हा माझा स्वतःचा नियम आहे आणि तो मी कुणालाही सुचवीन.

कुत्र्याच्या मांसाचा प्रश्न वाचकांच्या मनात आलाच असेल. त्यावर मी थोडक्यात लिहिते, कारण त्यात कायदा झपाट्याने बदलतो आहे. तैवानने २०१७ मध्ये कुत्र्या-मांजराचं मांस खाण्यावरच बंदी घातली. दक्षिण कोरियाच्या संसदेने जानेवारी २०२४ मध्ये मांसासाठी कुत्री पाळणं, मारणं, विकणं बंद करणारा कायदा केला आणि व्यावसायिकांना २०२७ पर्यंत मुदत दिली. दुसरीकडे, बालीत पर्यटकांना त्यांच्या नकळत कुत्र्याच्या मांसाचं साते (काडीवर भाजलेले तुकडे) विकलं जात असल्याचं एका ऑस्ट्रेलियन प्राणिसंघटनेने २०१७ मध्ये उघड केलं. इंडोनेशियात पाटीवर 'आरडब्ल्यू' अशी अक्षरं असली की ते कुत्र्याचं, हे स्थानिक गिऱ्हाइकाला कळतं. पाहुण्याला कळत नाही. पुन्हा तेच : ज्याला कळायचं त्याला कळतं, अंधारात राहतो तो फक्त परका.

विचारणं हा यजमानाचा अपमान आहे, असं म्हणणारे बरेच भेटतात. माझा अनुभव उलटा आहे. स्वयंपाक करणाऱ्या माणसाला आपल्या पदार्थाबद्दल बोलायला आवडतं. अपमान होतो तो चेहरा वाकडा केल्याने, ताटात उष्टं टाकल्याने, 'शी' म्हटल्याने. त्यामुळे मी नेहमी आधी विचारते, वाढून झाल्यावर नाही. नको असेल तर पोटावर हात ठेवून, मान हलवून, हसून नको म्हणते, आणि बरोबरची भाजी किंवा भाकरी आवर्जून मागून घेते.

प्रश्न कसा विचारायचा याचंही एक तंत्र आहे. 'हे चिकन आहे का?' असं कधीही विचारू नये. भाषा न समजणारा माणूस गिऱ्हाइकाला बरं वाटावं म्हणून हो म्हणतो, आणि त्यात त्याचा दोषही नसतो. रेक्याविकमधल्या त्या गृहस्थांचा प्रश्नही असाच बंद होता. त्याला खरं उत्तर मिळालं आणि तरी काही कळलं नाही. प्राणी कोणता, असंच विचारावं. मी एका जाड कागदावर गाय, म्हैस, डुक्कर, मेंढी, घोडा, कोंबडी, बदक, ससा, कुत्रा, बेडूक, साप, मासा अशी चित्रं काढून ती जवळ ठेवते आणि बोट ठेवायला सांगते. लोक खुशीने ठेवतात. एकदा एका आजींनी त्यातलं कुठलंच चित्र पसंत न पडल्यामुळे माझ्याच पेनाने शेजारी हरीण काढून दिलं, शिंगांसकट. रस्त्यावरच्या गाडीवर मी तुकडा मध्ये कापून दाखवायला सांगते. आत गुलाबी असेल तर पुन्हा निखाऱ्यावर ठेवायला सांगते. त्यालाही आजवर कुणी नाही म्हटलेलं नाही.

खुलेपणाने वाढलेल्या परक्या मांसाचं एक उदाहरण द्यायचं तर पेरूतल्या कुईचं देईन. कुई म्हणजे गिनीपिग. अँडीजच्या डोंगरांत हजारो वर्षं लोक तो खाण्यासाठी पाळत आले आहेत. कुस्कोच्या कॅथेड्रलमध्ये अठराव्या शतकातलं मार्कोस झापाताचं येशूच्या शेवटच्या भोजनाचं चित्र आहे. त्यात ताटाच्या मधोमध कुईच ठेवलेला दिसतो, चारही पाय वर. भाजलेला कुई अनेकदा अख्खाच येतो, डोक्यासकट, दातांसकट. बऱ्याच प्रवाशांना ते बघवत नाही. मला मात्र ते ताट आवडलं, कारण त्यात लपवाछपवी नव्हती. काय खातोय ते समोर होतं. खायचं की नाही ते मी ठरवायचं होतं. कातडी कुरकुरीत होती, मांस थोडं, चव सशाच्या जवळची. केनियाने २००४ मध्ये रानटी प्राण्यांचं मांस उपाहारगृहांत विकणं बंद केलं, तोपर्यंत नैरोबीत पर्यटकांना झेब्रा आणि जिराफही मिळत असे. तेव्हाही मेनूवर नाव असायचं. खाणाऱ्याने निर्णय घेतला तो डोळे उघडे ठेवून.

सामानातून मांस आणण्याबद्दल एक ओळ. सुकवलेलं असो, डबाबंद असो, आठवण म्हणून घेतलेलं सॉसेज असो, आणू नका. आफ्रिकन स्वाइन फीव्हरचा विषाणू खारवलेल्या डुकराच्या मांसात महिनोनमहिने टिकतो आणि एका उष्ट्या तुकड्याने हजारो डुकरांची पैदास बुडू शकते. देवमासा, खवल्या मांजर असे प्राणी तर आंतरराष्ट्रीय करारानुसार सहसा सीमेपलीकडे नेता येत नाहीत. जंगली प्राण्यांचं आफ्रिकेतलं मांस अमेरिकेत नेणाऱ्याला अडीच लाख डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो.

आपल्याकडे माझी विनंती अशी. प्रवासलेखात मांसाहाराचं वर्णन येईल तिथे प्राण्याचं नाव, तो कसा शिजवला होता आणि तिथल्या कायद्यात त्याची काय स्थिती आहे, एवढं लेखकाकडून लिहून घ्या. त्याला ते माहीत नसेल तर तो मजकूर छापू नका, किंवा 'मी विचारलं नाही' हे कौतुकाने न छापता चौकटीत सावधगिरीची सूचना जोडा. लेखाची रंगत कमी होणार नाही. बरगड्यांवर हात फिरवून दाखवणारी अल्माटीची ती बाई कुठल्याही गूढ सळीपेक्षा रंगतदार आहे.

आणि जे वाचक कंपनीबरोबर सहलीला जातात, त्यांनी पैसे भरण्याआधी प्रत्येक समाविष्ट जेवणातल्या मांसाची यादी लेखी मागावी, प्राण्याच्या नावानिशी. 'स्थानिक चवींचं सरप्राइज डिनर' असं लिहिलेलं असेल तर त्याची तर नक्कीच मागावी. यादी देता येत नाही असं उत्तर आलं तर ते जेवण वगळून रक्कम कमी करायला सांगावं. मी आता तसंच करते. एका कंपनीने रक्कम कमी केली, दुसरीने दोन दिवसांत यादी पाठवली.

आपली,
एक निवृत्त पशुवैद्यक